दहावीच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकाच्या सोलापूर जिल्हा पानावर शाळांचा तालुकावार तक्ता येतो. शाळेचे नाव, परीक्षेस बसलेले विद्यार्थी, उत्तीर्ण आणि शेकडा निकाल असे चार रकाने, आणि शंभर टक्क्यांपासून खाली उतरत जाणारी नावे. तो तक्ता कापून गावातल्या चहाच्या टपरीवर चिकटवला जातो, संस्थेचे पदाधिकारी त्यावरून फलक करून एस.टी. स्टँडसमोर टांगतात, आणि जून उजाडेपर्यंत पालक त्याच्याच आधारे ठरवतात की सातवी झालेली मुलगी गावच्या हायस्कुलात घालायची की शेजारच्या मोठ्या गावी धाडायची. मी मोहोळ तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे लिपिक होतो. ज्या आकड्यांवर हा तक्ता उभा राहतो ते आकडे माझ्या हाताखालून गेलेले आहेत, आणि त्यांतला महत्त्वाचा आकडा तक्त्यात कधीच येत नाही, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शाळेची खरी बखर म्हणजे जनरल रजिस्टर. मूल कोणत्या दिवशी, कोणत्या इयत्तेत दाखल झाले, आधी कोणत्या शाळेत होते, जन्मतारीख काय, हे सारे त्यात असते आणि शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याचा दिनांक व शाळा सोडण्याचे कारण. त्या कारणाच्या रकान्यात मी आयुष्यभर बहुतेक वेळा एकच वाक्य लिहिले: ‘पालकांच्या विनंतीवरून’. नववीचा निकाल लागल्यावर एप्रिल-मे महिन्यात ते सर्वांत जास्त वेळा लिहावे लागे. गणितात आणि इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलाच्या वडिलांना बोलावून घ्यायचे, “पोरगं दहावीला निघायचं नाही, वर्ष वाया जाईल, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबर भरा,” असे समजावायचे, आणि वडिलांनी अंगठा किंवा सही केली की तो अर्ज पालकांची विनंती म्हणून फाइलला लावायचा. दाखल्यावर शिक्का मीच मारत असे. वडील माझ्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभे असत आणि बऱ्याचदा त्यांना वाटे की शाळा आपल्यावर उपकार करीत आहे.

फॉर्म नंबर १७ ही मुळात चांगली सोय आहे. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, गॅरेजात काम करणारा मुलगा, शिक्षण सुटलेला प्रौढ माणूस यांना शाळेत न जाता परीक्षेला बसता यावे म्हणून ती आहे. पण मंडळाच्या निकालात नियमित, खाजगी आणि पुनर्परीक्षार्थी विद्यार्थ्यांचे आकडे वेगवेगळे धरले जातात, शाळेचा म्हणून जो निकाल सांगितला जातो तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो, आणि सतरा नंबरचा मुलगा त्यातून आपोआप बाहेर पडतो. तो पास झाला तर त्याचे त्याला, नापास झाला तरी शाळेच्या अंगाला काही लागत नाही.

आता हिशेब पाहा. समजा दोन गावांतल्या दोन हायस्कुलांत नववीला प्रत्येकी ६० मुले होती. पहिल्या शाळेने १२ जणांना दाखले देऊन वाटेला लावले, उरलेले ४८ दहावीला बसले आणि सगळे पास झाले. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेने एकालाही हात लावला नाही. एक मुलगा कुटुंबासोबत पुण्याला गेला, ५९ बसले, ५३ पास झाले, निकाल ८९.८३ टक्के. आपल्या तक्त्यात पहिली शाळा माथ्यावर आणि दुसरी बरीच खाली. पण साठातली पहिल्या शाळेची ४८ मुले पार पडली आणि दुसरीची ५३. ज्या मुख्याध्यापकांनी पाच मुले जास्त काढली त्यांनाच संस्थेच्या बैठकीत मान खाली घालावी लागते. लहान शाळांचे तर विचारूच नका. अठरा मुलांच्या वर्गात एक नापास झाला की निकाल ९४.४४ वर येतो, आणि पुढच्या वर्षी तोच वर्ग सगळा पास झाला की ‘शाळेची घोडदौड’ अशी बातमी छापून येते.

निकालाचा आकडा शाळेच्या शिकवण्याखेरीज किती गोष्टींनी हलतो हे पाहायला शाळाशाळांत फिरावे लागत नाही, राज्याचेच आकडे पुरेत. मार्च २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण बंद केले, तर २०१९ चा निकाल ७७.१० वर आला. ते गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के. चार वर्षांत शिक्षक तेच, फळे तेच, खडूसुद्धा त्याच कंपनीचे. अंतर्गत वीसपैकी किती गुण द्यायचे हे ज्या शाळेच्या हातात असते, त्या शाळेची पारख त्याच गुणांच्या बेरजेवर करायची, हे माझ्या लिपिकी बुद्धीला तेव्हाही पटत नव्हते.

हे सारे नववीतच का घडते, याचे कारण कायद्याच्या कडेवर आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. आठवीपर्यंत दुपारचा शालेय पोषण आहार असतो, समग्र शिक्षाची मोफत पुस्तके असतात, आणि अलीकडे पाचवी-आठवीच्या परीक्षेची तरतूद आली असली तरी मूल शाळेतून काढता येत नाही. नववीच्या पहिल्या दिवशी खिचडी बंद, पुस्तके विकत आणि नापास होण्याची मुभा, अशा तिन्ही गोष्टी एकदम येतात. त्यात आपल्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथीला किंवा सातवीला संपते. पुढचे हायस्कूल संस्थेचे, अनुदानित किंवा अंशतः अनुदानित. मूल नव्या शाळेत रुळते न रुळते तोच ही कड येते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा साऱ्या जिल्ह्याची छाती फुगली आणि ती फुगायलाच हवी होती. परंतु अशा प्राथमिक शाळेला आपल्या तक्त्यात जागाच नसते, कारण तिथे दहावी नाही. तिने घडवलेल्या मुलांचे श्रेय पुढच्या हायस्कुलाच्या नावावर जमा होते आणि दुसऱ्या एखाद्या शाळेने कच्ची ठेवलेली मुले ज्या हायस्कुलाच्या पदरी येतात, त्याच्या नावावर ते कच्चेपणही जमा होते.

अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात शाळा एका मापाने मोजता येणार नाहीत, हे जिल्हा फिरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. उजनीच्या कालव्याखाली आलेल्या गावातले हायस्कूल आणि सांगोला किंवा मंगळवेढा तालुक्याच्या कोरडवाहू भागातले हायस्कूल, यांच्या हजेरीपटात दिवाळीनंतर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुले पाडव्याच्या आसपास परततात. २०२५ ची दहावीची परीक्षा मात्र २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपलीसुद्धा होती. अशा मुलाला आजीपाशी ठेवून, वर्गशिक्षकाने आठवड्यातून दोनदा घरी फेरी मारून, परीक्षेपर्यंत टिकवले तर ते काम कोणत्या रकान्यात मांडायचे? अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत घरची भाषा कन्नड आहे. मंडळाची परीक्षा कन्नड माध्यमातून देता येते हे खरे, पण जवळचे हायस्कूल मराठी असेल तर ते मूल आठवीत भाषाही बदलते आणि शाळाही. त्याच्या मराठीच्या पेपरातले पन्नास गुण आणि पंढरपुरातल्या प्राध्यापकाच्या मुलाचे नव्वद गुण यांत शिक्षकाचे कष्ट कुठे जास्त पडले, हे टक्केवारीवरून कळत नाही. पालखी मार्गावरच्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या गावांत शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच वारी येते. तिची तक्रार कोणी करीत नाही, मीही करणार नाही, फक्त कामाचे दिवस मोजताना लक्षात ठेवावे.

शिक्षकांच्या बाबतीत मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण संच मान्यतेचे कागद मीच भरत होतो. ३० सप्टेंबरचा पट धरून शाळेला किती शिक्षक मिळतील हे ठरते. मधली बरीच वर्षे भरती जवळजवळ थांबली होती. २०१७ नंतर शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, अभियोग्यता चाचण्या झाल्या, पण निवृत्त होणारे आणि नव्याने येणारे यांचा मेळ खेड्यातल्या शाळांत अजून बसलेला नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष पुन्हा बदलले आणि लहान पटाच्या शाळांची पदे टांगणीला लागली. इतिहासाचे सर भूमितीची प्रमेये सोडवून दाखवतात आणि मराठीच्या बाई विज्ञानाचा प्रयोग तोंडी समजावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑफ तासाला वर्ग शांत ठेवायला मी स्वतः जाऊन बसलो आहे आणि दोन वर्षे नववी ‘ब’ला चक्रवाढ व्याजाची उदाहरणेही शिकवली आहेत, बरी की वाईट ते त्या मुलांना विचारावे. चित्रकलेचा शिक्षक गेला की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेला मुले बसत नाहीत, आणि त्या परीक्षेच्या श्रेणीनुसार दहावीला मिळणारे सात, पाच किंवा तीन वाढीव गुणही जातात. नव्याण्णव टक्क्यांच्या बातमीत हे सात गुण चमकतात आणि खेड्यातल्या मुलाला ते असतात हेसुद्धा माहीत नसते. शिपायाची पदे डिसेंबर २०२० पासून पगाराऐवजी ठोक भत्त्यावर गेली, तेव्हा घंटा वाजवण्यापासून पाण्याची टाकी भरण्यापर्यंतची कामे कोणाच्या अंगावर पडली असतील, त्याचा अंदाज वाचकांनी करावा. म्हणून दोन शाळा शेजारी ठेवायच्या तर गणित, विज्ञान आणि इंग्रजीची मंजूर पदे किती व प्रत्यक्ष शिकवणारे किती, हे निकालाआधी विचारले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत पालक ज्या मापाने शाळा निवडतात ते कोणत्याच तक्त्यात नसते, ते एस.टी.च्या वेळापत्रकात असते. वस्तीपासून पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी हे राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचे उद्दिष्ट २००९ मध्ये ठरले. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. पण शाळा पाचला सुटते आणि मुक्कामाची गाडी सात वाजता येते, अशा गावची मुलगी हिवाळ्यात फाट्यावर अंधारात किती वेळ उभी राहील, याचा विचार बाप करतो आणि मग तिचाही दाखला निघतो. रजिस्टरात कारण तेच, पालकांच्या विनंतीवरून. काही दाखल्यांमागे एस.टी.ही नव्हती, वर्षभरात लग्नाची पत्रिका शाळेच्या पत्त्यावर येई आणि मुख्याध्यापक ती न उघडता खणात टाकत. आठवीत किती मुली होत्या आणि त्यांतल्या किती दहावीला बसल्या, एवढा एकच आकडा कोणी मला सांगितला तर त्या शाळेबद्दल आणि गावाबद्दलही मी बरेच सांगू शकेन.

शाळेची पारख होईल अशा काही खुणा आधीच उपलब्ध आहेत आणि त्यांच्याकडे आपण पाहत नाही. आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे, राज्याचा कोटा ११,६८२ चा आहे, आणि निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववीच्या कडेवर ज्या घराचा हात सुटतो त्याला हे महिन्याचे हजार रुपये काय असतात हे निराळे सांगायला नको. तरी किती मुले त्यात लागली यापेक्षा किती मुलांना शाळेने बसवले, हे मी आधी पाहीन. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलचे हेलपाटे घालणारा शिक्षक त्या शाळेत आहे की नाही, ते त्यावरून कळते. उलट, पास होणे आणि येणे यांतले अंतरही ध्यानात असावे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२३ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित जमले ते ४३.३ टक्क्यांना. २०२३ मध्येच आपल्या राज्याचा दहावीचा निकाल ९३.८३ टक्के होता. दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टी मोजतात हे मान्य करूनही, ते एकाखाली एक लिहिले की पेन थबकते.

आपणाकडे मागणे एवढेच आहे की पुढच्या निकालाच्या वेळी तक्त्यात एक रकाना वाढवावा: याच मुलांच्या नववीच्या वर्षी ३० सप्टेंबरला पटावर किती नावे होती. जमल्यास दुसरा रकाना आठवीतल्या मुलींचा. ही माहिती शाळांनी यूडायस आणि सरल या शासनाच्या ऑनलाइन प्रणालींत भरलेली असते आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात ती एका जागी आहे. आपल्या वार्ताहराला ती सहज मिळाली नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. नावे टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने न लावता गावांच्या नावांनुसार लावावीत, म्हणजे पहिला-शेवटचा हा खेळ थांबेल. काही मुख्याध्यापक म्हणतील की पटावरून कमी झालेली मुले दुसऱ्या शाळेत गेली, बाहेर फेकली गेली नाहीत. म्हणणे रास्त आहे आणि ते तपासताही येते, कारण दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलाची नोंद ऑनलाइन प्रणालीत तिकडे वळती होते आणि सतरा नंबर भरलेल्याची होत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे छापावेत. गळती खरोखरच शून्य असलेल्या शाळांचा शंभर टक्के निकाल मग दुप्पट उजळून दिसेल, आणि अशा शाळा आपल्या जिल्ह्यात आहेत.

माझी नात येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. गेल्या महिन्यात तिच्यासाठी मी दोन हायस्कुले पाहून आलो. एकीकडे दारातच शंभर टक्क्यांचा फलक होता. तिथल्या लिपिकाला मी नववी आणि दहावीचा पट विचारला, तर साहेब आल्यावर या, असे उत्तर मिळाले. दुसरीकडे फलक नव्हता. तिथल्या तरुण लिपिकाने मी पूर्वी कोणत्या खुर्चीवर बसत होतो हे ऐकले, हसला, आणि काही न बोलता जनरल रजिस्टर माझ्याकडे वळवून ठेवले. शेवटचा रकाना मी पाच पाने मागे जाऊन वाचला. नातीचा अर्ज तिथे दिला आहे.

माझे जुने सहकारी अद्याप सेवेत असल्याने पत्राखाली नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक
ता. मोहोळ, जि. सोलापूर